वजा चिन्हाची पाखाडी

लंब रेषेचा चढ काढताना मी वजाचं चिन्ह विसरलो, आणि त्यामुळे रत्नागिरीतल्या एका टेकडीवरची पायऱ्यांची पाखाडी जिथं उतरायला हवी होती तिथं न उतरता भलतीकडेच, समुद्राच्या अंगाला उतरली. ती अजून तिथंच आहे. वहीतलं गणित खोडता येतं. जांभ्याच्या पायऱ्या एकदा बसल्या की बसल्या.

बीजगणिताचं नाव ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी घाबरू नये. माझ्याही येत असे, आणि मी तर ते शिकवत होतो. त्याचं असं झालं की संगमेश्वराकडून नोकरीसाठी रत्नागिरीच्या शाळेत आलो तेव्हा मला इतिहास आणि मराठी हवं होतं. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खालच्या वर्गांना बीजगणित घ्याल ना?" मी म्हटलं, "घेईन की." त्या वेळी मला ते नाकारायचं धैर्य नव्हतं, शिकवायचं धैर्य लागेल हे लक्षातच आलं नाही. आठवड्याभरात एका पोरानं उभं राहून, "सर, तुम्ही कंस सोडवलात पण आतली माणसं बाहेर आलीच नाहीत," असं म्हटलं आणि सगळा वर्ग खिदळला. वर्गाच्या दाराशी तेवढ्यात कोणी तरी ठेंगणं, गोल, काळ्या कोटातलं उभं होतं. हातात मिटलेली छत्री. त्यांनी फळ्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि जागच्या जागी पाव वळसा घेऊन निघून गेले.

ते आमच्या शाळेचे गणिताचे वडील मास्तर. संध्याकाळी तेच मला म्हणाले, "राहायला जागा मिळाली नसेल तर आमची पडवी मोकळी आहे. आणि उद्याचा धडा आजच बघायला मिळेल."

ह्यापेक्षा सभ्यपणे मला कुणी गाढव म्हटल्याचं आठवत नाही.

गावात त्यांना 'काटकोन' म्हणत. नाव पोरांनी पाडलेलं, पण ते त्यांनी स्वतःच कमावलं होतं. मास्तर रस्त्यानं चालायचे ते कडेनं, नाकासमोर. रस्ता ओलांडायची जागा आली की थांबायचे, छत्री टेकायचे, टाच फिरवायचे, की बरोब्बर काटकोनात पलीकडे. तिरकं म्हणून कधी जायचं नाही. त्या काळी रत्नागिरीच्या रस्त्यांवर वाहन ते काय? चार बैलगाड्या, एखादी धापा टाकणारी मोटार. पण मास्तरांचं म्हणणं, "तिरका ओलांडणारा माणूस रस्त्यावर जास्त वेळ राहतो. अंगावर गाडी आली तर तो त्या गाडीचा दोष नव्हे, भूमितीचा." गाडीवान लोक त्यांना लांबून बघून बैल आवरायचे. पोरं मागून रांगेनं त्यांची नक्कल करत वळायची. एकदा मास्तरांनी मागे वळून पाहिलं. पोरांची पाचावर धारण बसली. मास्तर शेवटच्या पोराला म्हणाले, "तुझा ऐंशी अंशांचाच झाला. परत वळ."

शाळेत बीजगणित इंग्रजीतून शिकवायचं असा नियम होता. मास्तर गणित इंग्रजीत सांगत आणि रागावत मराठीत. रागावण्याचे प्रसंग पुष्कळ येत असल्यामुळे शेवटी सगळं मराठीतच होई. आलेखाच्या कागदावर रेषा किती झपाट्यानं वर जाते त्याला ते 'चढ' म्हणत. पुढे दोन घरं आणि वर एक घर गेली तर चढ अर्धा. आता तिच्यावर लंब टाकायचा, म्हणजे तिला काटकोनात छेदणारी रेषा काढायची, तर तिचा चढ किती? मास्तरांचं ह्यावरचं वाक्य दोनच शब्दांचं होतं: "उलटा. चिन्ह!" म्हणजे अपूर्णांक उलटा करायचा आणि त्याचं चिन्ह बदलायचं. अर्ध्याचे दोन, आणि दोनाचे वजा दोन. पोरं अपूर्णांक उलटा करायची ती हौसेनं, आणि चिन्ह विसरायची. मग मास्तर फळ्यावर खडू आपटत, "चिन्ह! चिन्ह! चिन्ह कुठाय? घरी राहिलं?"

हे वाक्य वर्गाबाहेरही चाले. शिपायानं चहाचा कप विसळून पालथा ठेवला की ते म्हणायचे, "उलटा केलास, चिन्ह?" म्हणजे पुसलास का. एक सहकारी आदल्या दिवशी भांडून दुसऱ्या दिवशी गोड बोलायला आले, तर ते गेल्यावर मला म्हणाले, "उलटे झालेत खरे, पण चिन्ह तेच आहे. जपून असा." हेडमास्तरांना ते 'उभी रेषा' म्हणत. "उभ्या रेषेचा चढ काढायला जाऊ नये हो. शून्यानं भागायची पाळी येते."

माझी शिकवणी संध्याकाळी पडवीत चाले. मास्तर सुताराकडचा लाकडी गुण्या घेऊन बसत. दोन पट्ट्या काटकोनात जोडलेला तो गुण्या माझ्या नाकासमोर धरून ते म्हणायचे, "हे बघा. ही पट्टी पुढे दोन जाते, वर एक जाते. आता गुण्या पाव फिरवतो. काय झालं? जे पुढे जाणं होतं ते वर जाणं झालं. म्हणून उलटा. आणि जे वर जाणं होतं ते मागे जाणं झालं. मागे म्हणून वजा. पाठ करू नका, फिरवून बघा."

मी फिरवून बघायचो. पण दुसऱ्या दिवशी वर्गात गुण्या नसे, आणि मी पाठच केलेलं असे. तेही अर्धं.

"दोन रेषा काटकोनात असल्या," ते सांगत, "की त्यांच्या चढांचा गुणाकार वजा एक. एक चढती तर दुसरी उतरती. एक जितकी ताठ, दुसरी तितकी लवती. दोघीही चढल्या तर काटकोन नव्हे, कटकट." मग आवाज खाली आणून, स्वयंपाकघराकडे डोळा लावून, "आमच्या घरात बघा. तिचा चढ पाच. माझा वजा एक पंचमांश. गुणाकार बरोबर येतो. इतकी वर्षं संसार त्याच्यावरच चाललाय."

आतून काकूंचा आवाज यायचा, "पाच कुणाचा हो? ऐकू येतं मला. पाय गेलाय, कान नाही गेले."

काकूंच्या पायाची गोष्ट आता सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या पायासाठी होतं.

मास्तरांचं घर टेकडीच्या अर्ध्यावर. समोर अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, त्यापुढे कातळाचा एक फुगवटा, आणि खाली, डोळ्यांना न दिसणारी, सडक. सडकेच्या पलीकडे देऊळ. घरातून सडकेवर जायला वाट अशी नव्हतीच. कातळावरून, करवंदीच्या जाळ्यांतून, पाय मुरडत उतरायचं. मी यायच्या आधी एका श्रावणात काकू देवळात जायला निघाल्या आणि शेवाळावरून घसरल्या. हाड जुळलं, पण गुडघा पुन्हा नीट वाकेना. तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. देवळातली घंटा वाजली की हातातलं काम थांबवायच्या आणि अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या. तिथून कातळ दिसे. देऊळ दिसत नसे.

मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हटलं, "काकू, चार माणसं बोलावतो. खुर्चीत बसवून अलगद खाली नेऊ."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चार माणसांच्या खांद्यावरून एकदा जायचंच आहे, मेल्या. त्याची घाई मला नाही, तुला का? मी जाईन ती माझ्या पायांनी जाईन."

मास्तर तेव्हा झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर मास्तर धोतर खोचून अंगणात सुतळ्या बांधतायत.

त्यांनी ठरवलं होतं, तुळशीपासून सडकेपर्यंत पाखाडी बांधायची. बसक्या, रुंद पायऱ्यांची, जांभ्याचे चिरे बसवून. आणि ती कशी न्यायची ह्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "एका बिंदूपासून रेषेपर्यंत सगळ्यांत जवळची वाट कुठली?" त्यांनी मला विचारलं. मी सावधपणे सुतळीचं टोक धरून दिलं. "लंबाची! तिच्या पायाला एक पाऊल जास्त पडता कामा नये. एकसुद्धा. लंबच टाकायचा."

बायकोवर माणसं नाना तऱ्हांनी माया करतात. कुणी लुगडं आणतं, कुणी गजरा. मास्तर लंब टाकणार होते.

आता हा लंब डोळ्यानं टाकता येईना, कारण तुळशीपाशी उभं राहिलं की सडक दिसत नाही आणि सडकेवर उभं राहिलं की तुळस दिसत नाही. मध्ये तो कातळाचा फुगवटा. म्हणून मास्तरांनी सगळी टेकडी आलेखाच्या कागदावर आणली. तुळस हा आरंभबिंदू. तिथून एक सुतळी पूर्वेला डोंगराकडे, तिचंच दुसरं टोक पश्चिमेला समुद्राकडे. दुसरी सुतळी दक्षिणेला, उताराकडे. सडकेची दिशा त्यांनी होकायंत्रानं मोजली. ती सरळ रेषेत होती आणि थोडी तिरपी जात होती: पूर्वेला दोन हात गेलं की उत्तरेला एक हात. "चढ अर्धा. कागदावरचा चढ हो, डोंगराचा नव्हे," ते म्हणाले.

काकू दारातून बघत होत्या. "तुळशीपाशी काय लिहिलंत ते?"

"शून्य."

"माझ्या तुळशीला शून्य म्हणता? लाज नाही वाटत?"

"अगं, सगळं जग तिच्यापासून मोजायचं म्हणून शून्य."

काकूंनी ह्याच्यावर थोडा विचार केला. "मग राहू दे," म्हणाल्या.

सगळी सिद्धता झाली आणि मुंबईहून निरोप आला की मास्तरांच्या मुलीला बरं नाही. शाळेला सुट्टी होती, पावसाळा तोंडावर आलेला. बोटी बंद व्हायच्या आत जाऊन यायला हवं होतं. आणि पायऱ्या बसवणारे गडी तर दुसऱ्या दिवशीच यायचे होते; तेही शेतीची कामं सुरू व्हायच्या आतच मोकळे. मास्तर बंदरावर जायला निघाले तेव्हा आलेखाचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "सडकेचा चढ लिहिलाय. लंबाचा मुद्दाम लिहिला नाही. तो तुम्ही काढा आणि सुतळी टाका. तुम्हाला येतं."

'तुम्हाला येतं' असं मला बीजगणिताबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं. माझी छाती इतकी फुगली की तिच्यात चिन्हाला जागा राहिली नसावी.

सकाळी मी झोपाळ्यावर बसून कागद मांडीवर घेतला. सडकेचा चढ अर्धा. उलटा. मी लिहिलं: दोन. तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "अरे, घावणे गार होतायत! नारळाचा रस काढलाय!" पेन्सिल तिथंच ठेवून मी आत गेलो. घावणे मी किती खाल्ले ते सांगत नाही. परत आलो तर कागदावर तो दोनाचा आकडा असा ऐटीत, पूर्ण होऊन बसला होता की त्याच्यात काही कमी आहे असं ब्रह्मदेवालाही वाटलं नसतं. गडी येऊन उभे होते. मी उठलो, तुळशीपासून दक्षिणेला दोन हात मोजले, आणि बाजूला एक हात मोजला तो समुद्राकडे. डोंगराकडे मोजायला हवा होता. तिथं खुंटी मारली, सुतळी ताणली, आणि सेनापतीसारखा हात करून म्हटलं, "हं. अश्शी न्या खाली."

सुतळी ओढून दिल्यावर गडी काय विचारणार? गणिताच्या मास्तरांच्या घरची सुतळी.

काम वरून खाली होत आलं. रोज नव्या पायऱ्या बसायच्या आणि रोज दुपारी, गडी जेवायला बसले की, काकू काठी घेऊन त्या उतरून बघायच्या. आधी दोन-चार, मग आणखी. एखादी पायरी उंच झाली की गड्यांना ओरडायच्या, "ही काढ आणि खाली घे. माझा गुडघा काय शिडी चढणार आहे?" मी कौतुकानं बघत असे. आपण टाकलेल्या रेषेवरून माणूस चालतं आहे हे बघणं फार सुखाचं असतं. ती रेषा चुकलेली आहे हे माहीत नसलं तर फारच.

पाखाडी सडकेला टेकली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मुंबईची बोट लागल्याची बातमी आली. मुलगी बरी होती. मी कातळाच्या फुगवट्यावर जाऊन उभा राहिलो. तिथून मात्र सडक दिसे. बंदराची वाट वळसा घेऊन डोंगराच्या बाजूनं सडकेला मिळे; तिकडून, लांबून मास्तर येताना दिसले. काळा कोट, छत्री, मागे डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल. कडेनं, नाकासमोर. तुळशीवरचा लंब सडकेला कुठं मिळणार ती जागा मास्तरांच्या डोक्यात पक्की होती. गणितात तिला लंबपाद म्हणतात. त्या जागी मास्तर थांबले. छत्री टेकली. टाच फिरवली. आणि पूर्ण विश्वासानं पाऊल उचलून करवंदीच्या जाळीत शिरले.

हमाल कडेला थांबला. गणितातलं त्याला काही ठाऊक नसावं, पण जाळीत काटे असतात हे ठाऊक होतं.

मी खालच्या जाळीकडे बघितलं, मग पाखाडीच्या पायथ्याकडे बघितलं. तो तिथून चांगला लांब, समुद्राच्या बाजूला होता. आणि त्या क्षणी, ऊन डोक्यावर असताना, मला ते वजाचं चिन्ह दिसलं. झोपाळ्यावर, पेन्सिलीशेजारी, मी न लिहिलेलं.

माझ्या मागून काठीचा आवाज आला. काकू बाहेर आल्या होत्या. "आले का ते?" म्हणाल्या, आणि मी काही सांगायच्या आत पाखाडी उतरायला लागल्या. थांबत थांबत, एक पाय टेकून मग दुसरा. मधे एकदा कठड्याच्या चिऱ्यावर टेकल्या. पुन्हा उठल्या. मी मागून जावं की जाऊ नये हे मला कळेना. शेवटची पायरी त्या उतरल्या आणि सडकेच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. जरा इकडेतिकडे पाहिलं, जसं परगावी आलेलं माणूस बघतं. मग नवरा दिसला.

"अहो, जाळीत काय शिरलात?"

मास्तरांचं धोतर काट्यांत अडकलं होतं. "पाखाडी इथं हवी," ते तावानं म्हणाले.

"हवी असेल. आहे इथं. या इकडे."

मास्तरांनी मान वळवली. त्यांना पाखाडी दिसली नाही, काकू दिसल्या.

"तू सडकेवर कशी आलीस?"

"पायांनी," काकू म्हणाल्या.

मास्तर जाळीतून बाहेर आले. धोतराचा सोगा फाटून जाळीतच राहिला. आणि काकूंकडे गेले ते सडक तिरकी कापत. तिरकी! मी वरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मधून एक बैलगाडी येत होती, तिच्या गाडीवानानं सवयीनं मास्तरांच्या वळणासाठी बैल थोपवले होते, तो बिचारा बघतच राहिला.

दोघं वर आलीच नाहीत. तिथूनच देवळात गेली. मी, हमाल आणि ट्रंक वर अंगणात एकमेकांकडे बघत बसलो.

दिवेलागणीला मास्तरांनी आलेखाचा कागद मागितला. मी दिला. त्यांनी तो दोनाचा आकडा पाहिला, त्याच्या डावीकडची मोकळी जागा पाहिली. मला वाटलं आता खडू आपटणार. ते अगदी हळू म्हणाले, "चिन्ह कुठाय?"

"घरी राहिलं," मी म्हटलं. मग घाईघाईनं बोलत सुटलो. उद्या गड्यांना बोलावतो, सगळे चिरे उखडून काढतो, नव्यानं सुतळी टाकतो, पावसाच्या आत...

स्वयंपाकघरातून आवाज आला, "पाखाडीला कुणी हात लावला तर याद राखा! सांगून ठेवत्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सडकेवर गेले आणि त्या करवंदीच्या जाळीपासून सरळ वर, लंबावरून, तुळशीकडे चढायला लागले. मी वरून बघत होतो. एके ठिकाणी हातानं कातळ धरावा लागला. एके ठिकाणी छत्री घसरून खाली गेली, तिच्यामागे ते गेले, परत आले. फुगवट्यावर तर अक्षरशः रांगले. अंगणात पोचले तेव्हा भात्यासारखे धापत होते. तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसले. काकूंनी पाणी आणून दिलं.

"मी कागदावर काढलं हो," धाप ओसरल्यावर ते मला म्हणाले. "कागद सपाट असतो."

पुन्हा पाणी प्यायले. "सडक टेकडीच्या पोटाला धरून, सपाट जाते. तिच्यावरचा लंब म्हणजे सगळ्यांत जवळची वाट, खरंच आहे ते. पण सगळ्यांत जवळची म्हणजे सगळ्यांत उभी! तितकंच खाली उतरायचं आणि कमी अंतरात. उभी होणार नाही तर काय होईल? जन्मभर लंब शिकवला आणि हे सुचलं नाही." मग काकूंच्या पायाकडे बघत म्हणाले, "गणितात मी गुडघा धरलाच नव्हता."

माझा चेहरा जरा उजळला असावा, कारण ते लगेच कडाडले, "पण तुमचं गणित चुकलं ते चुकलंच! शून्य! त्याच्यात काही बदल नाही. पाटी आणा."

त्या दिवशी दुपारपर्यंत मी लंबांचे चढ काढत बसलो होतो. उलटा, चिन्ह. उलटा, चिन्ह. संध्याकाळी अंगणात येतो तर मास्तर पाखाडीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उकिडवे बसलेले, हातात छिन्नी आणि हातोडी. पायरीच्या मधोमध त्यांनी एक वीतभर आडवी रेघ कोरली होती.

"तुमचं चिन्ह," ते म्हणाले. "इथं ठेवलंय. पुन्हा कधी कमी पडलं तर येऊन घेऊन जा."

त्यानंतर मास्तर त्याच पाखाडीनं शाळेत जात. पण सडकेवर उतरले की उलट दिशेनं चालत आधी करवंदीच्या जाळीपर्यंत जायचे, तिथं थांबायचे, टोपीला हात लावायचे, आणि मग शाळेची वाट धरायचे. "लंबपाद आहे. मान द्यायला हवा," म्हणत. ती जाळी त्यांनी कधी तोडू दिली नाही. काकू रोज संध्याकाळी देवळात जाऊन यायला लागल्या. येताना वरच्या पायरीवर दम खात आणि मला हाक मारून सांगत, "मेल्या, तुझ्या चिन्हावर बसल्ये बघ."

दोन वर्षांनी मी दुसऱ्या गावच्या शाळेत गेलो. तिथं मला इतिहास देतो म्हणाले. मी बीजगणित मागून घेतलं. पोरं अपूर्णांक उलटा करून चिन्ह विसरली की मी खडू आपटून ओरडतो, आणि ओरडताना माझ्या डोळ्यांपुढे फळा नसतो, पायरी असते.

मास्तर गेले ते भर पावसात. मला कळलं उशिरा, आणि जायला दिवाळीची सुट्टी उजाडली. सडकेवरून येताना करवंदीची जाळी दिसली. मी थांबलो, टोपीला हात लावला. पाखाडीशी आलो तर काकू खालच्या पायरीवर बसलेल्या, शेजारी काठी. देवळातून आल्या होत्या. केस पांढरे झालेले, बाकी सगळं तसंच.

"आलास?" म्हणाल्या. मी पाया पडलो. शेजारी बसलो.

"ह्याच पाखाडीनं नेलं त्यांना," काकूच म्हणाल्या. "पावसानं सगळं निसरडं, पण उचलणाऱ्यांचा कुणाचा पाय नाही घसरला. मी म्हटलं, मी सडकेपर्यंत येणार. बायका नको म्हणत होत्या. आल्ये. पायांनी." पदरानं त्यांनी डोळे पुसले नाहीत, पायरीवरची माती पुसली.

त्यांना हसवावं असं फार वाटलं. ज्याला दुसरं काही येत नाही तो हसवायलाच जातो. मी म्हटलं, "काकू, आता मास्तर नाहीत म्हणून सांगतो. मला तेव्हाच कळलं होतं, सरळ वाट तुमच्या पायाला झेपायची नाही. नुसता दिसायला साधा होतो मी. ते चिन्ह मी मुद्दामच..."

काकूंनी काठी उचलली, माझ्या गुडघ्यावर एकदा आपटली आणि उठून पायऱ्या चढायला लागल्या. चार पायऱ्या वर जाऊन थांबल्या, मागे वळल्या.

"शहाणपण नको सांगूस, मेल्या. तू शहाणा असतास तर मी अजून वरच बसले असते."